स्वामी रामानंद तीर्थ : हद्द ओलांडलेल्यांचा सांगाती

आपल्या वाचनालयाच्या शताब्दी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे, असे संपादक मंडळाने सुचविले तेव्हा प्रस्तुत लेखकाला फार विचार करावा लागला नाही. करजगीच्या परिसरात ज्यांचे बालपण गेले अशी वडीलधारी मंडळी काळ मोजताना इसवी सन सांगत नाहीत. अमक्याचा जन्म रझाकारीच्या आधीचा, तमक्याचे लग्न रझाकारीनंतरचे, असे ती सांगतात. ज्या घटनेने कालगणनेचीच जागा घेतली, त्या घटनेच्या केंद्रस्थानी उभे असलेले संन्यासी म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ. मराठवाड्यात त्यांचे नाव घरोघरी घेतले जाते. परंतु त्यांचा जन्म भीमाकाठच्या मुलखातला आणि लोकसभेतील त्यांची पहिली निवड गुलबर्ग्याची, हे आपल्याकडील तरुण वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून हा लेखनप्रपंच.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे त्यांचा जन्म झाला. घरची भाषा मराठी, भोवतालची कानडी. दत्तभक्तांचे श्रद्धास्थान असलेले गाणगापूर जवळच. सीमेवरच्या आपल्यासारख्या माणसांना दोन भाषांत वाढणे म्हणजे काय ते वेगळे सांगावे लागत नाही. बाजारात एक बोली, देवघरात दुसरी, आणि दोन्हीकडे सारखाच जिव्हाळा. पुढे तेलुगू, कानडी, मराठी आणि उर्दू भाषकांच्या संमिश्र संस्थानाचे नेतृत्व ज्या सहजतेने त्यांनी केले, तिची मुळे या बालपणात असावीत असे वाटते.

माध्यमिक शिक्षणासाठी ते सोलापुरास गेले. १९२० मध्ये लोकमान्य टिळकांचे निधन झाले आणि त्याच सुमारास गांधीजींची असहकाराची हाक आली. या किशोरवयीन मुलाने सरकारी शाळा सोडली, आजन्म ब्रह्मचर्याचे व देशसेवेचे व्रत घेतले आणि अमळनेरच्या राष्ट्रीय शाळेची वाट धरली. उच्च शिक्षण त्यांनी पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात पूर्ण केले. नंतर कामगार चळवळीचे धुरीण नारायण मल्हार जोशी यांच्याजवळ राहून त्यांनी कामगारांच्या प्रश्नांचा अभ्यास केला. प्रकृतीने साथ न दिल्याने ते काम सोडावे लागले. १९२९ मध्ये ते उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत दाखल झाले, आणि १४ जानेवारी १९३० रोजी, संक्रांतीच्या दिवशी, त्यांनी संन्यासदीक्षा घेतली. व्यंकटेश खेडगीकर स्वामी रामानंद तीर्थ झाले.

संन्यास म्हणजे संसारातून निवृत्ती, असा सर्वसाधारण समज आहे. स्वामीजींच्या बाबतीत तो अर्थ उलटा झाला. भगवी वस्त्रे घेतल्यावर त्यांचा लोकांशी संबंध अधिक घट्ट झाला. १९३५ मध्ये ते अंबाजोगाईला आले व योगेश्वरी शाळेच्या उभारणीत रमले. त्यांचा मूळ पिंड शिक्षकाचा होता. शिकविणे हाच त्यांच्या राजकारणाचाही पाया होता, हे त्यांच्या पुढील चरित्रावरून ध्यानी येते.

तत्कालीन हैदराबाद संस्थानाची कल्पना आजच्या वाचकाला यावी म्हणून थोडे सांगणे आवश्यक आहे. सुमारे ८२ हजार चौरस मैलांचा विस्तार, १६ जिल्हे, १९४१ च्या शिरगणतीनुसार १ कोटी ६० लाखांहून अधिक वस्ती. तेलंगण, मराठवाडा आणि कर्नाटक असे त्याचे तीन भाग. गुलबर्गा, रायचूर आणि बीदर हे आपले जिल्हे त्यातच मोडत. सभा घ्यायची तर परवानगी, संस्था काढायची तर परवानगी, इतकेच काय, आखाडा किंवा वाचनालय चालवायचे तरी सरकारची नजर. या स्मरणिकेच्या वाचकाला हे वाचताना विशेष काही वाटावे, कारण त्या काळात पुस्तकांचे कपाट उघडे ठेवणे हेसुद्धा एक धाडसच होते.

१९३७ मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले. तेव्हापासून स्वामीजी उघडपणे सार्वजनिक कार्यात उतरले. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसची स्थापना होण्यापूर्वीच तिच्यावर बंदी घालण्यात आली. त्याविरुद्धच्या सत्याग्रहात स्वामीजींनी कारावास पत्करला. १९४० मध्ये आणि पुन्हा १९४२ च्या आंदोलनात ते तुरुंगात गेले. बंदी उठली ती १९४६ मध्ये. त्यानंतर संघटनेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

१९४७ साल उजाडले. ब्रिटिश जाणार हे निश्चित होताच निजामाने स्वतंत्र राहण्याचा मनोदय जाहीर केला. स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्ट हा दिवस भारतीय संघराज्यात सामील होण्याच्या मागणीचा दिन म्हणून पाळला. १५ ऑगस्टला देश स्वतंत्र होत असताना स्वामीजींना अटक झाली. नोव्हेंबरच्या अखेरीस भारत सरकार व निजाम यांच्यात जैसे थे करार झाला व त्यांची सुटका झाली. परंतु २६ जानेवारी १९४८ रोजी त्यांना पुन्हा पकडण्यात आले. ते बाहेर आले ते पोलिस कारवाईनंतरच. म्हणजे संस्थानातील जनतेवर सर्वांत कठीण प्रसंग आला ते सारे महिने या जनतेचा नेता गजांआड होता.

लातूरचे वकील कासीम रझवी यांच्या नेतृत्वाखालील रझाकार संघटनेने त्या महिन्यांत खेड्यापाड्यांत जो उच्छाद मांडला, तो आपल्या भागाला सांगावा लागत नाही. मे १९४८ मध्ये बीदर जिल्ह्यातील गोरटा येथे झालेल्या हत्याकांडात दोनशेच्या आसपास माणसे मारली गेल्याचे सांगितले जाते. अन्यायाचा हा प्रश्न केवळ दोन धर्मांचा नव्हता, हेही त्याच वर्षी दिसून आले. विलीनीकरणाची बाजू निर्भयपणे मांडणारे इमरोज या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत खून करण्यात आला.

गावे ओस पडू लागली. रात्री बैलगाडीत पोरेबाळे, दाणागोटा आणि हाताला लागतील ती भांडी टाकून माणसे हद्दीकडे निघत. आपल्या अफजलपूर तालुक्याला लागून सोलापूर जिल्ह्याची हद्द आहे. ती ओलांडली की निजामाचे राज्य मागे राही. सोलापूर, बार्शी, विदर्भातील उमरखेड, धारवाडकडील मुंडरगी, चांदा अशा ठिकाणी संस्थानाच्या चारी अंगांना छावण्या उभ्या राहिल्या. स्वामीजी तुरुंगात असताना बाहेरचे काम दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखालील कृती समितीने सांभाळले. गोविंदभाई श्रॉफ व त्यांचे सहकारी त्यात अग्रभागी होते. चांद्याच्या छावणीत काम करणारा एक तरुण पुढे देशाचा पंतप्रधान झाला. ते पी. व्ही. नरसिंह राव. स्वामीजींना त्यांनी आयुष्यभर गुरुस्थानी मानले.

या छावण्यांचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. तेथे दोन कामे एकाच वेळी चालत. एक, पळून आलेल्या कुटुंबांना आसरा, धान्य आणि औषध देणे. दुसरे, हद्दीपलीकडच्या नाक्यांवर व ठाण्यांवर हल्ले करणारी तरुणांची पथके तयार करणे. त्या काळच्या परिस्थितीत हे अपरिहार्य मानले गेले, आणि ज्यांची घरे जळत होती त्यांना याबद्दल दोष देणे आज सोपे असले तरी न्याय्य नाही. तथापि पुढे जगभर विस्थापितांच्या मदतकार्याचा जो विचार विकसित झाला, त्यात एक तत्त्व ठळकपणे पुढे आले. आसऱ्याची जागा आणि लढाईची जागा वेगळी असावी. दोन्ही एकत्र आल्या की आसऱ्याला आलेली बाई-पोरेसुद्धा शत्रूच्या नजरेत लढवय्यी ठरतात, आणि सूड घेऊ पाहणाऱ्या हातांना छावणीतच शस्त्र मिळते. या दुसऱ्या धोक्याची किंमत पुढे आपल्याच जिल्ह्यांनी मोजली.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले. मुख्य फौज सोलापूरहून नळदुर्गच्या वाटेने हैदराबादकडे निघाली. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. मेजर जनरल जे. एन. चौधरी लष्करी प्रशासक झाले. स्वामीजींची सुटका झाली. ज्या क्षणासाठी दहा वर्षे तुरुंगाच्या वाऱ्या केल्या तो क्षण आला होता. छावण्यांतली माणसे गाड्या जुंपून परत निघाली. कुणाच्या घराचे वासे उरले नव्हते, कुणाची जनावरे गेली होती, पेरणीचा हंगाम तर केव्हाच हुकला होता. तरी आपल्या गावच्या वेशीत पाऊल टाकताना त्यांना जे वाटले असेल त्याची कल्पना आपण करू शकतो.

परंतु त्याच वेशीतून दुसरी माणसे बाहेर पडत होती. या वेळी ती मुसलमान होती. रझाकारांनी केलेल्या अत्याचारांचा सूड अनेक ठिकाणी अशा शेजाऱ्यांवर उगवला गेला, ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता. खेड्यांतून माणसे हैदराबाद शहराकडे धावली. भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या मंडळाने २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात संस्थानाचा दौरा केला. १६ पैकी ९ जिल्हे त्यांनी पाहिले आणि १०९ गावांतील पाचशेहून अधिक लोकांशी बोलणी केली. पोलिस कारवाईच्या काळात व तिच्यानंतर किमान २७ हजार ते ४० हजार माणसे मारली गेली, असा त्यांचा अंदाज होता. सर्वाधिक झळ पोचलेले चार जिल्हे त्यांनी नोंदविले : उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. हद्दीबाहेरून आलेल्या टोळ्यांचा आणि काही ठिकाणी सैनिक व पोलिसांच्या सहभागाचाही उल्लेख त्यांच्या अहवालात आहे. तसेच ज्या हिंदूंनी जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचविले त्यांचीही नोंद आहे. हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान धंदेबंधूंचे रक्षण केल्याचे त्यात विशेषत्वाने म्हटले आहे. हा अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला. अभ्यासकांना तो दिल्लीत खुलेपणाने पाहायला मिळू लागला तो २०१३ च्या सुमारास.

हे येथे लिहावे की नाही, असा विचार प्रस्तुत लेखकाच्या मनात बराच काळ घोळत होता. स्मरणिका हा आनंदाचा प्रसंग आहे. परंतु स्वामीजींचे चरित्र सांगताना सप्टेंबरपूर्वीचे आठ महिने सांगायचे आणि नंतरचे तीन महिने गाळायचे, हे त्या संन्याशाच्या सत्यनिष्ठेला शोभणारे नाही. आपल्याच तालुक्यांतील माणसे त्या वर्षी दोनदा विस्थापित झाली. रस्ते तेच होते, गाड्या तशाच होत्या, फक्त दिशा आणि माणसे बदलली होती.

तुरुंगातून बाहेर आलेल्या स्वामीजींसमोर म्हणून विजयाच्या दिवशीच एक कठोर कसोटी उभी राहिली. त्यांनी शांततेचे व सलोख्याचे आवाहन केले. निजामाच्या जुलमी राजवटीशी असलेला लढा मुसलमान समाजाशी नव्हता, ही त्यांची भूमिका पहिल्यापासूनची होती, आणि विजयानंतरही ती बदलली नाही. तथापि एका माणसाच्या शब्दाला मर्यादा असतात. संघटना लढ्यासाठी बांधलेली होती. उद्ध्वस्त गावे पुन्हा वसविण्यासाठी लागणारी शिस्तबद्ध यंत्रणा तिच्यापाशी नव्हती, आणि विजयानंतर लगेचच तिच्यात गटबाजीही शिरली. हे स्वामीजींच्या आयुष्यातील एक शल्य मानावे लागेल. त्यांच्या थोरवीला त्याने उणेपणा येत नाही, पण ते झाकून ठेवण्यातही काही अर्थ नाही.

परतलेल्या माणसाला काय लागते, याचा विचार केला म्हणजे या कामाचे अवघडपण कळते. धान्य काही आठवडे पुरते. त्यानंतर प्रश्न येतो जमिनीचा. घरमालक पळाला असताना त्याचे शेत दुसऱ्याने पेरले असेल तर पीक कुणाचे? लुटलेले बैल दुसऱ्याच्या गोठ्यात ओळखू आले तर तक्रार कुठे करायची? ज्या बाईचा नवरा मारला गेला तिच्या नावे सातबारा कसा चढवायचा? ज्यांना बळाने धर्म बदलावा लागला, ज्या स्त्रिया पळविल्या गेल्या, त्यांना पुन्हा आपल्या घरात मानाने कसे आणायचे? ही कामे तलाठी, पटेल, न्यायाधीश आणि शेजारी या सर्वांनी मिळून करण्याची असतात. शेजाऱ्याने साथ दिली नाही तर सरकारी हुकूम कागदावरच राहतो.

त्याच सुमारास जगातही या प्रश्नाचा नव्याने विचार चालू होता. ऑगस्ट १९४९ मध्ये जिनिव्हा येथे युद्धकाळातील नागरिकांच्या संरक्षणाचा करार झाला. १९५१ मध्ये निर्वासितांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. परंतु तो देशाची सीमा ओलांडणाऱ्यांपुरता होता. आपल्याच देशात बेघर झालेल्यांसाठी संयुक्त राष्ट्रांनी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली ती १९९८ मध्ये. सुरक्षितपणे, स्वेच्छेने आणि सन्मानाने परतण्याचा हक्क, तसेच गमावलेली मालमत्ता परत मिळविण्यासाठी शासनाचे साह्य, या गोष्टी त्यात स्पष्टपणे सांगितल्या आहेत. आपल्या वाडवडिलांना या तत्त्वांचा आधार मिळाला नाही. जे काही सावरले ते माणुसकीच्या बळावर.

स्वामीजींनी या प्रश्नाच्या मुळाशी जाण्याचा प्रयत्न केला तो जमिनीच्या मार्गाने. ज्याच्या पायाखाली स्वतःची जमीन नाही तो कोणत्याही वावटळीत प्रथम उडतो, हे त्यांनी पाहिले होते. जहागिरदारी नष्ट व्हावी, कुळांना संरक्षण मिळावे, हा आग्रह त्यांनी सातत्याने धरला. १९४९ मध्ये संस्थानातील जहागिरी रद्द झाल्या आणि १९५० मध्ये कुळकायदा आला. १९५१ मध्ये तेलंगणातील पोचमपल्ली येथे विनोबाजींच्या भूदानाचा उगम झाला, तेव्हा स्वामीजींनी त्या कार्यालाही साथ दिली. रक्त न सांडता भूमिहीनाला भूमी मिळावी ही कल्पना त्यांच्या संन्यस्त वृत्तीला मानवणारी होती.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते गुलबर्गा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. १९५७ मध्ये औरंगाबादने त्यांना निवडले. स्वातंत्र्यानंतर पदांची रांग लागली असताना त्यांनी मंत्रिपद स्वीकारले नाही. हैदराबाद राज्याचे भाषेच्या आधारे विभाजन व्हावे, हा त्यांचा ठाम आग्रह होता. ज्या राज्याच्या मुक्तीसाठी आयुष्य वेचले, ते राज्यच नकाशावरून जावे असे म्हणणारा नेता विरळा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तसे घडले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेलंगण आंध्र प्रदेशात, आणि गुलबर्गा, रायचूर व बीदर तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आले. आपण मराठी भाषक या नव्या रचनेत कर्नाटकात राहिलो. या प्रश्नावर आपल्यात मतभेद आहेत व राहतील. परंतु कानडी मुलखात जन्मलेल्या, मराठीत वाढलेल्या आणि हैदराबादेत आयुष्य काढलेल्या स्वामीजींनी एका भाषेच्या प्रेमासाठी दुसरीचा द्वेष करावा लागत नाही, हे आपल्या जगण्यातून दाखवून दिले.

१९६७ मध्ये हैदराबादच्या स्वातंत्र्यलढ्याच्या त्यांच्या आठवणी इंग्रजीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांची समाधी तेथेच बेगमपेठ भागात आहे. १९९४ मध्ये नांदेड येथे स्थापन झालेल्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. १७ सप्टेंबर हा दिवस मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा होतो, आणि आपल्या कल्याण कर्नाटकातही त्या दिवशी ध्वजवंदन होते.

ध्वजवंदनाच्या दिवशी आपण हुतात्म्यांना वंदन करतो, ते योग्यच आहे. त्याच दिवशी हद्द ओलांडून गेलेल्यांचे, परत आलेल्यांचे आणि कधीच परत न येऊ शकलेल्यांचेही स्मरण व्हावे. ते कोणत्या देवाचे नाव घेत होते याची चौकशी त्या स्मरणात नसावी. वाचनालयापाशी हे काम करण्याची एक सोय आहे, जी सभेपाशी किंवा मिरवणुकीपाशी नाही. येथे एका फळीवर मुक्तिसंग्रामाचा इतिहास आणि त्याच फळीवर सुंदरलाल अहवाल शेजारी शेजारी ठेवता येतो. वाचकाने दोन्ही काढून न्यावेत व वाचून परत आणून ठेवावेत.

आपल्या भागात ज्यांनी तो काळ डोळ्यांनी पाहिला अशी माणसे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. सभासदांना लेखकाची विनंती एवढीच, की आपल्या घरी किंवा शेजारी असे कोणी वृद्ध असतील, हिंदू असोत वा मुसलमान, तर त्यांच्यापाशी थोडा वेळ बसावे, ते सांगतील ते उतरवून घ्यावे आणि ती वही वाचनालयाच्या स्वाधीन करावी. शतकाचा टप्पा ओलांडणाऱ्या या संस्थेच्या दुसऱ्या शतकातील पहिली मोलाची भर तीच ठरेल, आणि स्वामीजींना ती नक्कीच रुचली असती.